गुडघ्याखालची फळी

बायको जाऊन चौदा महिने झाले. मला लिहायची सवय नाही. आयुष्यभर लाकडावर पेन्सिलीनं आकडे लिहिले आणि काम झालं की तेही घासून पुसले. पण जे झालं ते कुठेतरी सांगून ठेवावंसं वाटतं, म्हणून बसलोय.

मी सुतार. वडीलही सुतार होते. आमच्या घरात देव नव्हता. कोणी विचारलं तर वडील म्हणायचे, देवाला वेळ असेल तर म्हणावं इकडे ये आणि फळीचं दुसरं टोक धर. बायको मात्र ख्रिस्ती, जन्मापासूनची. लग्न आम्ही कचेरीत सह्या करून केलं. तिनं माझ्यावर कधी जोर केला नाही. दर रविवारी सकाळी चपला घालता घालता विचारायची, "येता का?" मी म्हणायचो, "पुढच्या रविवारी." हे इतकं ठरून गेलं होतं की शेवटी शेवटी ती "येता का?" म्हणायची आणि उत्तराची वाट न बघता दार ओढून घ्यायची.

मला निवांतपणा हवा होता. हसू नका, खरंच तेवढंच हवं होतं. सुरुवातीला एका खोलीत आम्ही राहायचो आणि त्याच खोलीत माझं काम चालायचं. जेवणात भुसा यायचा. मी म्हणायचो, एकदा कामाला वेगळी जागा मिळाली की निवांत. जागा मिळाली. मग म्हटलं, कापायचं यंत्र आलं की निवांत. मग धाकटा भाऊ हाताशी आला की. मग मोठं घर झालं की. सगळं झालं. बारा माणसं कामाला लागली, घराला पाच खोल्या झाल्या, त्यातल्या तीन खोल्यांत कोणी झोपतच नव्हतं. प्रत्येक वेळी आठवडाभर बरं वाटायचं. मग पुन्हा छातीत काहीतरी टोचायला लागायचं आणि मी पुढचं काम शोधायचो. बायको म्हणायची, "तुमचं निवांत म्हणजे नळाच्या रांगेतली बादली आहे. पुढे सरकते, भरत मात्र नाही."

तिला पोटात गाठ निघाली. हॉस्पिटलात अठरा दिवस होती. मी जवळ बसायचो, पण मला नुसतं बसता येत नाही. पलंगाशेजारच्या कपाटाचं दार नीट लागत नव्हतं. मी घरून स्क्रू-ड्रायव्हर आणला आणि बिजागरी काढून बसवली. मग शेजारच्या पलंगाचं कपाट केलं, मग त्याच्या पुढचं. नर्स म्हणाली, "काका, तुम्ही पेशंटला भेटायला येता की दुरुस्तीला?"

"अहो, ते राहू द्या," बायको म्हणाली. "इकडे येऊन बसा."

मी बसलो. तिचा चेहरा उतरला होता, पण शांत होता. डॉक्टरांनी काय सांगितलंय ते तिला माहीत होतं. मी स्क्रू-ड्रायव्हर खिशात घातला.

"तुला भीती नाही वाटत?" मी विचारलं.

"वाटते ना. काल दुपारी तर खूप वाटली."

"मग?"

"मग काय, सांगितलं त्याला."

"कोणाला?"

"अहो, येशूला. आणखी कोणाला सांगणार? तुम्ही कपाटात डोकं घालून बसला होतात."

मला हसू आलं. मी म्हटलं, "तुझ्याकडे जे आहे ते मलाही पाहिजे."

"मग चला ना एकदा माझ्याबरोबर."

"तू बरी हो. मग दोघं जाऊ."

ती हसली. "झालं. हीसुद्धा ऑर्डर रांगेला लागली."

चार दिवसांनी दुपारी ती गेली. मी खाली होतो. प्लायवूडवाल्याचा फोन आला होता, आणि वॉर्डात नीट ऐकू येत नाही म्हणून मी खाली उतरलो होतो.

मग मी काम केलं. एका हॉटेलच्या एकशे चाळीस पलंगांची ऑर्डर होती. इतकी मोठी ऑर्डर आम्ही कधी घेतली नव्हती. मी सकाळी सगळ्यांच्या आधी यायचो आणि सगळ्यांनंतर जायचो. पलंग वेळेत गेले. हॉटेलच्या मॅनेजरनं हात मिळवला. मी गाडीत येऊन बसलो, तर कुठे जावं तेच सुचेना. बराच वेळ चावी हातात धरून बसलो होतो.

धाकटा भाऊ म्हणाला, "दादा, एकदा डॉक्टरला दाखव."

"काय दाखवू?"

"जे काय होतंय ते."

"काहीच होत नाहीये. तेच तर होतंय."

त्यानं मला आठ दिवस बळजबरीनं त्याच हॉटेलात पाठवलं. विश्रांती घे म्हणाला. माझ्या खोलीतला पलंग आमचाच होता. कुरकुरत होता. तिसऱ्या दिवशी मी तो उलटा केला, आवळला आणि परत आलो.

तिच्या थोरल्या बहिणीला मी ताई म्हणतो. साठीच्या आहेत, विधवा आहेत, आणि चर्चची झाडलोट, फुलं, किल्ल्या सगळं त्यांच्याकडे असतं. जिभेला हाड नाही. आठवा महिना लागला तेव्हा त्या घरी आल्या. स्वयंपाकघरात साचलेली भांडी बघून त्यांनी पदर खोचला आणि घासायला लागल्या.

"मेहुणे, ती तुम्हाला अकरा वर्षं सांगत होती, चर्चला या. आता वाट कसली बघताय?"

"पुढच्या रविवारी येतो."

"पुढच्या नाही. ह्याच. मी बाहेर उभी राहीन."

अकरा वर्षं म्हणायला कारण होतं. अकरा वर्षांपूर्वी त्या चर्चचे सगळे बाक मीच केले होते. जुन्यांना वाळवी लागली होती. तेव्हाच्या फादरनं नमुना म्हणून एक जुना बाक आमच्याकडे पाठवून दिला. म्हणाले, असे चौतीस करा. तो बाक मी नीट बघितला. बसायची जागा होती, पाठ होती, आणि पाठीच्या मागच्या बाजूला खाली दोन बिजागऱ्या होत्या. त्या बिजागऱ्यांवरची फळी कधीच निघून गेली होती. मी विचार केला, मागच्या बाकावर बसणाऱ्या माणसाची सोय असणार. वर उचलली की झाडायला बरं, खाली केली की पाय ठेवायला. मग मी पाय ठेवायला फळी केली. चार इंच रुंद, आणि पावलाला आराम पडावा म्हणून बसणाऱ्याच्या बाजूला उतार दिलेली. उताराची कल्पना माझीच. त्याचा मला अभिमानसुद्धा होता. तिथे कोणी काय करतं ते मी एकदाही बघितलं नव्हतं, आणि विचारलंही नाही. माझ्याच घरात विचारायला माणूस होतं.

बाक बसवले त्या रविवारी बायको परत आली तेव्हा मी विचारलं, "कसे झालेत?"

"देखणे झालेत," ती म्हणाली. "तुम्ही एकदा येऊन बघा ना."

"मीच केलेत, मी काय बघू?"

ताई म्हटल्याप्रमाणे बाहेर उभ्या होत्या. आत नेऊन त्यांनी मला डावीकडच्या सहाव्या बाकावर, भिंतीच्या कडेला बसवलं. "ही तिची जागा. अजून कोणी बसत नाही," म्हणाल्या, आणि माझ्या शेजारी बसल्या. लोक उभे राहिले की मी उभा राहायचो, बसले की बसायचो. गाणी मला येत नव्हती. फादर बोलत होते ते कानावरून जात होतं. मी आतून फक्त एकच म्हणत होतो, जे तिला दिलंत ते मला द्या. कोणाला म्हणत होतो तेही धड माहीत नव्हतं.

मग सगळ्यांनी फळ्या खाली केल्या. एकदम खडखड झाली. आणि सगळे त्यावर गुडघ्यांवर बसले.

मी बघतच राहिलो. ताईंनी कोपरानं ढोसलं तेव्हा मीही गुडघे टेकले. टेकले आणि घसरलो. उतारावरून गुडघा मागे जातो, आणि फळीची धार बरोबर नडगीत रुतते. घसरू नये म्हणून पुढच्या बाकाला दोन्ही हातांनी धरून लोंबकळावं लागतं. मी धरलं. मग मान वळवून रांगेत बघितलं. प्रत्येकाच्या गुडघ्याखाली काहीतरी होतं. कोणाची टॉवेलची घडी, कोणाची जुनी उशी, एकीनं सायकलच्या ट्यूबचा तुकडा आणला होता. माझ्या पुढच्या म्हाताऱ्यानं आपल्या दोन्ही चपला काढून गुडघ्यांखाली घातल्या होत्या आणि त्याचे पाय उघडे होते. इतक्या सरावानं सगळं चाललं होतं की त्यात कोणाला काही विचित्र वाटत नव्हतं.

माझी प्रार्थना तिथेच संपली. पुढचा सगळा वेळ मी मनात मापं घेत होतो.

बाहेर आल्यावर मी ताईंना आणि फादरना गाठलं. हे फादर नवे, म्हणजे पाच वर्षांपासूनचे. जाड चष्मा, सावकाश बोलणारे.

"अकरा वर्षं!" मी म्हणालो. "अकरा वर्षांत कोणी एक शब्द बोललं नाही? मी कुठे परदेशात होतो का?"

"मला तर वाटलं, अशाच असतात," फादर म्हणाले. "मी आलो तेव्हा सगळ्यांच्या हातात टॉवेल बघितले. म्हटलं, इथली रीत असेल."

ताई म्हणाल्या, "आमची एक म्हातारी बहिणीकडे गेली होती, तिकडच्या चर्चमध्ये. येऊन सांगते कशी, तिथे गुडघे दुखतच नाहीत, प्रार्थना केल्यासारखं वाटतच नाही."

मला हसू आलं नाही. "तुम्ही तरी सांगायचं, ताई."

"सांगणार होते. पहिल्याच रविवारी सांगणार होते. तुमच्या बायकोनं सांगू दिलं नाही."

"का?"

ताईंनी किल्ल्यांचा जुडगा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. "म्हणाली, ते कोणाचं ऐकून दुरुस्ती करतील, माणसं पाठवतील, एका दिवसात संपवतील आणि मोकळे होतील. स्वतः येऊन एकदा गुडघे टेकले तर त्यांचं त्यांनाच कळेल. कोणी बोलू नका, ते येतील, म्हणाली. आता तिचा नवरा, तिचा हट्ट. आम्ही टॉवेल आणले."

मी चर्चच्या पायरीवर बसलो. अकरा वर्षं ती दर रविवारी त्या धारेवर गुडघे टेकून माझी वाट बघत होती. आणि मी गेलो तो ती गेल्यावर. याला आता दुरुस्ती नाही. लाकूड चुकीचं कापलं तर दुसरं आणता येतं. हे आणता येत नाही.

दुसऱ्या दिवशी मी फादरना सांगितलं की चौतीसच्या चौतीस फळ्या मी नव्यानं करणार. माणसं पाठवणार नाही, स्वतः करणार.

"करा, मिस्त्री," ते म्हणाले. मला मिस्त्री म्हणून हाक मारणारं आता कोणी उरलेलं नाही, कारखान्यात सगळे साहेब म्हणतात. "पण कशासाठी करताय?"

"तिच्यासाठी."

"तिला आता फळी लागत नाही."

"मग लोकांसाठी."

त्यांनी चष्म्यातून माझ्याकडे बघितलं. खरं कारण मी त्यांना सांगितलं नव्हतं. मला वाटत होतं, शेवटची फळी बसेल त्या दिवशी मला ते मिळेल. तिच्याकडे होतं ते. तिची इच्छा होती मी यावं, मी आलो. चूक होती, ती मी निस्तरणार. मग आणखी काय राहिलं? माझ्या डोक्यात ते पक्कं बसलं होतं.

सात आठवडे लागले. कारखान्यातून चांगलं सुकलेलं लाकूड निवडलं. रुंदी चारची सात इंच केली, उतार काढला, कडा हातानं गोल केल्या. पुढच्या बाकापासून अंतर किती हवं ते कागदावर कळत नाही. त्यासाठी प्रत्येक फळी बसवून तिच्यावर गुडघे टेकावे लागतात. टेकायचो, उठायचो, बिजागरी अर्धा इंच पुढे घ्यायचो, पुन्हा टेकायचो. दिवसाला पन्नास-साठ वेळा तरी मी त्या चर्चमध्ये गुडघ्यांवर बसलो असेन. एकदाही प्रार्थना म्हणून नाही. तोंडात स्क्रू असायचे.

भाऊ दोनदा येऊन गेला. पहिल्यांदा समजूतदारपणे बोलला. दुसऱ्यांदा दारातूनच ओरडला, "दादा, हॉटेलवाल्यांची दुसरी ऑर्डर आलीय आणि तू इथे फुकटात बाक ठोकतोयस?"

"ऑर्डर तू कर."

"मी करतो. पण लोक विचारतात, तुमचे साहेब कुठे आहेत. काय सांगू? देवाच्या घरी लागलेत कामाला?"

"सांग."

"वहिनी असती ना, तिनंच तुला हाकललं असतं इथून." एवढं बोलून तो थांबला. मग म्हणाला, "तसं नव्हतं म्हणायचं मला." आणि गेला.

सहाव्या बाकाची फळी मी सगळ्यात शेवटी केली. शनिवारी दुपारी ती बसवली. टेकून बघितली. चांगली झाली होती.

रविवारी सगळ्यांनी फळ्या खाली केल्या. नुसता टप असा आवाज झाला, खडखड नाही. टॉवेल काढायला कित्येकांचे हात पिशवीकडे गेले आणि थांबले. पुढचा म्हातारा चपला घालून गुडघ्यांवर बसला. मी डोळे मिटले आणि वाट बघितली.

काही आलं नाही.

मी आणखी वाट बघितली. लोक उठले, बसले, पुन्हा गाणं झालं. मी आपला तसाच. आत काहीही हललं नाही. उलट गेले सात आठवडे निदान उद्या काय करायचं ते ठाऊक होतं, आता तेही गेलं. बाहेर माणसं माझा हात हातात घेऊन छान झालं म्हणत होती. सायकलच्या ट्यूबवाली म्हणाली, "फार आराम झालाय हो, मला तर डुलकीच लागली." मी हो हो म्हणत होतो आणि कधी एकदा सुटतो असं झालं होतं.

मंगळवारी दुपारी हत्यारं उचलायला गेलो. ताई एकट्याच होत्या. फुलदाण्या धूत होत्या.

"झालं ना मनासारखं?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"कुठली फळी हलते?"

"फळ्या ठीक आहेत. मला काही मिळालं नाही, ताई. ती म्हणाली तसा मी आलो. चूक सुधारली. तरी काही नाही. तिच्याकडे होतं ते जन्मतःच होतं तिच्याकडे. माझ्या वाट्याला नाही ते."

ताईंनी हातातली फुलदाणी खाली ठेवली. "जन्मतः? मेहुणे, तुम्ही एकाच घरात राहत होता ना तिच्याबरोबर?"

मी हत्यारांची पिशवी उचलली.

"बाळ गेल्यावर दोन वर्षं ती रोज दुपारी इथे यायची. माहीत होतं तुम्हाला?"

हे मी आतापर्यंत लिहिलं नाही. लिहिणारच नव्हतो. सव्वीस वर्षांपूर्वी आम्हाला एक मुलगा झाला. नऊ दिवस जगला. दफन ताईंनी आणि त्यांच्या नवऱ्यानं केलं, या चर्चच्या मागे. मी फाटकापर्यंत आलो आणि परत फिरलो. चौथ्या दिवशी मी कामावर होतो. एका शाळेच्या खिडक्यांच्या चौकटी होत्या. त्या इतक्या झपाट्यानं केल्या की शाळेनं दरवाजेही मलाच दिले. माझं बस्तान तिथून बसलं. घरी त्या मुलाचा विषय मी कधी काढला नाही, आणि तिनं काढला की मी उठून जायचो.

"नव्हतं माहीत," मी म्हटलं.

"इथे बसून ती देवाशी भांडायची. खरंच भांडायची, मोठ्यानं. मी दार लावून घ्यायचे कोणी ऐकू नये म्हणून. एकदा म्हणाली, तुझा मुलगा येशू मेला तेव्हा तू त्याला तिसऱ्या दिवशी उठवलंस, मग माझा का नाही? मला वाटलं, आता छत पडतंय डोक्यावर."

"मग?"

"मग काय. छत पडलं नाही, उत्तरही आलं नाही. दुसऱ्या दिवशी ही पुन्हा हजर. कधी रडायची, कधी नुसती बसायची. कधीतरी दुसऱ्या वर्षी मला म्हणाली, ताई, मी इथे एकटी रडत नाहीये. एवढंच म्हणाली. तुम्हाला जे दिसायचं ना तिच्या चेहऱ्यावर, ते तिथून आलं. तुम्ही समजता, काम पुरं केलं की हातात पडतं. ती इथे काहीच पुरं करत नव्हती. तिच्याकडे द्यायला काही नव्हतंच." त्या पुन्हा फुलदाणीकडे वळल्या. मग पाठमोऱ्याच म्हणाल्या, "बाळाच्या डोक्यावर पाणी घालून बाप्तिस्मा मीच दिला होता, हॉस्पिटलात; फादर पोचेपर्यंत थांबायला वेळ नव्हता. तिनं नाव ठेवलं होतं त्याचं. तुम्ही विचारलं नाहीत म्हणून सांगितलं नाही."

"काय नाव?"

त्यांनी सांगितलं. मी ते इथे लिहीत नाही.

हत्यारांची पिशवी माझ्या हातात होती. ती खाली ठेवली. जो बाक जवळ होता त्याची फळी खाली केली आणि गुडघे टेकले. कुठला बाक ते बघितलं नाही. काय बोलायचं ते मला माहीत नव्हतं. मी मुलाचं नाव घेतलं. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा, मोठ्यानं. मग म्हटलं, मी पळालो. फाटकातून पळालो, खाली फोनवर पळालो. माझ्याकडे काहीच नाही. फळ्या केल्या त्या पण मी पळण्यासाठीच केल्या. येशू, तू असशील तर मला आता पळता येत नाही.

मग मी रडलो. ते किती वेळ चाललं माहीत नाही. ताई जवळ आल्या नाहीत. नळाचा आवाज येत होता.

काही चमत्कार झाला असं कोणी समजू नये. उजेड पडला नाही, आवाज आला नाही. बायको परत आली नाही, मुलगा परत आला नाही. पण मी रोज संध्याकाळी कुलूप काढून रिकाम्या घरात पाऊल टाकतो. घरात कोणी नाही हे दिवा लावायच्या आधीच कळतं. रिकामं म्हणजे काय ते मला आता चांगलं ठाऊक आहे. त्या दुपारी मी ज्याच्याशी बोललो ती जागा रिकामी नव्हती. याहून जास्त मला सांगता येत नाही.

मागे जाऊन मी दोन्ही कबरी बघितल्या. तिच्या दफनाच्या दिवशी मी चर्चच्या आत न जाता थेट मागे गेलो होतो; तेव्हा ज्या लहान दगडाला पाय लागू नये म्हणून सरकून उभा राहिलो होतो, तो त्याचा होता. तिथे मला अजूनही फार वेळ उभं राहता येत नाही.

भावाला मी हे सगळं सांगितलं. त्यानं नीट ऐकून घेतलं. म्हणाला, "म्हणजे आता बरं वाटतंय तुला?"

"नाही."

"झोप लागते?"

"कधीमधी."

"मग उपयोग काय झाला, दादा?"

कारखान्याचा माझा भाग मी त्याच्या हाती दिला, आता मी सकाळी चार तास जातो आणि रंधा मारतो. नवं यंत्र घ्यायचं त्याच्या डोक्यात आहे. ते आलं की जरा श्वास घेता येईल म्हणतो. मी त्याला काही सांगायला जात नाही. मला कोणी सांगितलं असतं तर मीही ऐकलं नसतं.

बाप्तिस्मा घ्यायचं ठरवलं तेव्हा फादरनी मला समोर बसवून घेतलं. चष्मा पुसला. म्हणाले, "मिस्त्री, तुम्ही काय शोधत इथे आलात ते मला ठाऊक आहे. ते मिळालं का, खरं सांगा. मला बरं वाटावं म्हणून नको."

मी विचार केला. सकाळी उठल्यावर पहिला तास अजून वाईटच जातो. तिचं कपाट मी अजून उघडलेलं नाही. जेवण गिळावं लागतं. पण त्या मंगळवारपासून चार महिने होत आले, आणि एवढ्यात एकदाही मी म्हटलं नाही की हे झालं की निवांत, ते झालं की निवांत. दुःख आलं की मी उठून जात नाही. बसतो, आणि त्याला सांगतो. तो असतो.

"थोडं मिळालं," मी म्हणालो. "अगदी थोडं आहे, फादर. पण आधीच्यासारखं आठवड्यानं जात नाही."

त्यांनी वही उघडली आणि माझं नाव लिहून घेतलं.